तिचा पहिला फोन तुमच्या घरी येतो

फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा बायोडेटा तुम्ही पाहिलाच असेल. मुलगा यूएसला, एच-वन-बी, पॅकेज डॉलरमध्ये, एकुलता एक, गावाकडे आठ एकर बागायत. खाली मामा-काकांचे हात जोडलेले इमोजी. मुलाला सुट्टी तीन आठवड्यांची, त्यामुळे बघणं, सुपारी, हळद, लग्न सगळं त्यातच उरकायचं. नेवासा फाट्यावरचं मंगल कार्यालय बुक होतं. मुलीची आई भेटेल त्याला सांगते, ‘आमची ताई अमेरिकेला चालली.’ मुलाचा पगार विचारतात, घर स्वतःचं की भाड्याचं तेही विचारतात. तिचा व्हिसा कोणता, हे मात्र कुणी विचारत नाही.

विचारायला पाहिजे. कारण तिच्या पुढच्या आयुष्यातलं बरंचसं त्या एका कागदावर ठरलेलं असतं.

एच-वन-बीवर नोकरी करणाऱ्याच्या बायकोला एच-फोर व्हिसा मिळतो. म्हणजे ती तिथे असते ती ‘त्याची बायको’ म्हणून. २०१५ पर्यंत या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. त्या वर्षी नियम बदलला, पण नवऱ्याची ग्रीन कार्डची फाइल एका ठरावीक टप्प्यापुढे गेली असेल तरच बायकोला कामाचं परमिट मिळतं. त्याला काही घरांत वर्षानुवर्षं लागतात. तोपर्यंत बी.ई. झालेली, हिंजवडीत दोन वर्षं नोकरी केलेली मुलगी घरात बसून. तिच्या नावावर पगार नाही. मोबाइल त्याच्या प्लॅनवर. गाडी शिकलेली नसेल तर दूध आणायलाही त्याच्यासोबतच. आणि घटस्फोट झाला की त्या व्हिसाचा आधारच गेला.

बहुतेक घरांत यातून वाईट काही होत नाही, हेही सांगायला हवं. नवरा भला असतो, दोघं मिळून दिवस काढतात, पुढे सगळं सुरळीत होतं. पण तो हात उचलणारा निघाला, तर हाच कागद त्याच्या हातातली काठी बनतो. ‘पोलिसांना बोलावलंस तर माझी नोकरी जाईल, दोघांनाही गाशा गुंडाळावा लागेल.’ ‘तिकीट काढून देतो, जा माहेरी. सांग गावाला काय सांगायचं ते.’ प्रत्यक्ष माराचं भय एकीकडे आणि या वाक्याचं एकीकडे.

अशा वेळी ती फोन कुणाला करते? बऱ्याचदा पहिला फोन इकडे येतो, माहेरी. रात्री उशिरा, तिकडे नवरा ऑफिसला गेल्यावर. आणि इकडून काय उत्तर जातं, ते तुम्हाला-मला पाठ आहे. ‘थोडं जुळवून घे.’ ‘एखादं मूल झालं की ठीक होईल.’ ‘धाकटीचं लग्न व्हायचंय अजून.’ आईवडील दुष्ट असतात म्हणून असं बोलत नाहीत. लग्नासाठी काढलेलं कर्ज असतं, भावकीत ताठ झालेली मान असते, आणि खरं सांगायचं तर पुढे करायचं काय हे त्यांना माहीतच नसतं. माहीत नसलं की माणूस ‘सहन कर’ म्हणतो. ते सगळ्यात सोपं असतं.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. परदेशात मदत आहे. तिच्या भाषेत, तिच्या ताटातलं जेवण देणारी, गुप्तता पाळणारी मदत आहे. ती काल-परवा उभी राहिलेली नाही, चाळीस वर्षांपासून आहे. पण तिथपर्यंत जायची वाट बऱ्याचदा नेवाशातल्या, सोनईतल्या, कुकाण्यातल्या घराच्या ओट्यावरून जाते. आणि त्या घरात इंग्रजी वाचणारं, फॉर्म भरणारं, रात्री बारालाही ऑनलाइन असणारं एकच माणूस असतं. ते तुम्ही.

तिकडे हे कसं उभं राहिलं, ते आधी बघू. त्यासाठी शे-दीडशे वर्षं मागे जावं लागेल, कारण पहिली गोष्ट आपल्याच माणसाची आहे.

आनंदीबाई जोशी. सिनेमा आल्यापासून सगळ्यांना माहीत आहे की त्या १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाल्या. गोपाळरावांनी त्यांना शिकवलं, हेही माहीत आहे. त्यांनी त्यांना मारलंही, हे आपण जरा हळू आवाजात सांगतो. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी त्याची आठवण स्वतः करून दिली आहे. दहाव्या वर्षी लाकडाचे मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेल्या खुर्च्या-पुस्तकं, चौदाव्या वर्षी सोडून देण्याच्या धमक्या. हे लिहायला त्यांना सात समुद्रांचं अंतर लागलं. आणि त्या अंतरावर त्यांना घरात घेणारी बाई होती थिओडिशिया कार्पेंटर, न्यू जर्सीतल्या रोझेल गावची. ओळख फक्त पत्रातली. नात्याची नाही, जातीची नाही, देशाची नाही. आनंदीबाई तिला मावशी म्हणायच्या. १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात गेल्या, तेव्हा अस्थी त्या मावशीकडेच पाठवल्या गेल्या. आजही न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावात कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांची खूण आहे.

त्या पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्यांनी अमेरिका फिरून पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं, विधवांना राहायला आणि शिकायला. पुढचं त्यांचं काम केडगावला. (आपल्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं. हा घोळ आपल्या जिल्ह्यात हमखास होतो.) म्हणजे ‘परक्या मुलखात अडकलेल्या बाईला आसरा’ आणि ‘आपल्याच मुलखात अडकलेल्या बाईला आसरा’ या दोन गोष्टींची तार तेव्हाच जुळलेली होती.

आता पुढे या, त्याच न्यू जर्सीत. साल १९८५. तिथे राहणाऱ्या सहा भारतीय बायका एकत्र आल्या आणि त्यांनी ‘मानवी’ नावाची संस्था काढली. अमेरिकेत दक्षिण आशियाई बायकांवरच्या हिंसाचारावर काम करणारी ही पहिली संस्था. त्यानंतर रांगच लागली. न्यूयॉर्कमध्ये १९८९ ला ‘सखी’, कॅलिफोर्नियाच्या बे एरियात १९९१ ला ‘मैत्री’ आणि १९९२ ला ‘नारिका’, अटलांटात ‘रक्षा’, ह्यूस्टनमध्ये ‘दया’, शिकागोत ‘अपना घर’. नावं वाचूनच कळतं की ही नावं कुणाला ऐकू यावीत म्हणून ठेवली आहेत.

पण अमेरिकेत निवारागृहं आधीपासून होतीच की. मग वेगळी कशाला? कारण अगदी साधी होती. निवारागृहात गेलेल्या बाईला तिथलं जेवण चालत नव्हतं. समोरची कार्यकर्ती चांगली असायची, पण ‘सासू फोनवरून रोज काय बोलते’ यात त्रास कसला, हे तिला समजावून सांगताना अर्धा तास जायचा. कोर्टात दुभाषी मिळायचा तो हिंदीचा, बाई बांगला किंवा गुजराती बोलणारी. नवऱ्याशिवाय व्हिसाचं काय होणार, हे निवारागृहाच्या वकिलालाही ठाऊक नसायचं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ‘नवऱ्याला सोड’ हे एका ओळीचं उत्तर तिच्या कामाचं नव्हतं. सोडून जायचं कुठे, कुठल्या कागदावर, आणि गावी आईला काय सांगायचं?

आपल्या भाषेत सांगणं म्हणजे काय, हे नेवाशाच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पैस खांबापाशी जे घडलं ते हेच. वाळीत टाकलेल्या घरातला एक पोरगा इथे आला, आणि संस्कृतात अडकलेली गोष्ट त्याने १२९० मध्ये लोकांच्या बोलीत मोकळी केली. आज व्हिसाचा कायदा हीच आपल्या आयांसाठी संस्कृत पोथी आहे.

लंडनची गोष्ट याहून कडक. तिथे साउथहॉल ब्लॅक सिस्टर्स ही संस्था १९७९ पासून आहे. ऐश्वर्या रायचा ‘प्रोव्होक्ड’ ज्या बाईवर आहे, त्या किरणजीत अहलुवालिया. दहा वर्षं छळ सोसून त्यांनी १९८९ मध्ये नवऱ्याला पेटवून दिलं, तो मेला, त्यांना जन्मठेप झाली. या संस्थेने त्यांची केस लावून धरली आणि १९९२ मध्ये त्या सुटल्या. सिनेमा तिथे संपतो. संस्थेचं पुढचं काम सिनेमात मावणारं नाही, पण मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. ब्रिटनमध्ये नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला सरकारी मदत घेता येत नव्हती, त्यामुळे निवारागृहंही तिला घ्यायला कचरायची, खर्च कोण देणार म्हणून. वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २०१२ मध्ये सवलत मिळाली. छळ होणारी बाई अर्ज करू शकते, तिला तीन महिने स्वतःच्या नावाने राहता येतं आणि भत्ते मिळतात. तीन महिने थोडेच आहेत. पण तेवढ्यात पुढचा अर्ज करता येतो.

अमेरिकेतही वाटा आहेत, फक्त त्या नवऱ्याच्या कागदाप्रमाणे बदलतात. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल, तर १९९४ च्या कायद्याप्रमाणे तिला त्याच्या सहीशिवाय आणि त्याला कळू न देता स्वतःचा अर्ज करता येतो. नवरा एच-वन-बीवर असेल तर ही वाट बंद. पण २००५ च्या दुरुस्तीने अशा छळ झालेल्या बायकोला स्वतःचं कामाचं परमिट मागता येतं. शिवाय गुन्ह्याच्या तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या पीडितांसाठी यू व्हिसा आहे, वर्षाला दहा हजारांची मर्यादा आणि रांग अनेक वर्षांची. एवढं सगळं ताईला रात्री साडेअकराला, रडताना, स्वतः शोधून काढायला लावणार आहात का? यातली कुठली वाट तिची, ते तिकडच्या वकिलानेच सांगायचं. वकिलापर्यंत तिला नेणारी संस्था शोधणं मात्र इथे बसून जमतं.

महाराष्ट्र मंडळांचं काय, असं तुम्ही विचाराल. मंडळं मोठी आहेत, जुनी आहेत. लंडनचं १९३२ चं, शिकागोचं १९६९ चं, आणि उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चं. गणपती, दिवाळी, नाटकं, अधिवेशनं, मराठी शाळा, सगळं मनापासून करतात. पण छळ होणाऱ्या बाईला मंडळाचं दार कठीण का जातं, ते बघा. तिथे तिचा नवरा व्यासपीठावर असू शकतो. आरतीला शेजारी उभी असलेली वहिनी त्याच्या मित्राची बायको असते. गावातल्यासारखंच, फक्त थंडी जास्त. म्हणून गुपित राखणारी, दोन्हीकडच्या नात्यात नसलेली तिसरी जागा लागते. मंडळांनी समुपदेशन केंद्रं काढावीत असं मी म्हणत नाही. गणपतीच्या मांडवात, बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला हेल्पलाइनचा एक कागद चिकटवला तरी पुष्कळ झालं. तिथे नवरा येत नाही.

आता म्हाताऱ्यांकडे वळते. हा विषय वेगळा नाही, कारण तिथेही सगळं कुणाच्या तरी कागदावर असतं.

सुनेचं बाळंतपण आलं की आईला बोलावणं येतं. पर्यटक म्हणून गेलेल्या आईला साधारण सहा महिने राहता येतं. फोटो छान येतात. नायगारा, बर्फ, नातू कडेवर. फोटोत न येणाऱ्या गोष्टी अशा, की दिवसभर घरात एकटं, रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नाही, पाय दुखला तर ‘इकडे डॉक्टर महाग असतो, परत गेल्यावर दाखव’, पासपोर्ट मुलाच्या कपाटात. बहुतेक मुलं-सुना जीव लावतात. पण जिथे लावत नाहीत, तिथे आईला वेळेवर जेवायलाही विचारत नाहीत आणि फुकटची मोलकरीण म्हणून वागवतात. अशी आई कुणाला सांगणार? मुलाची बदनामी ती स्वतःच्या तोंडाने करत नाही.

ग्रीन कार्डवर कायमच्या गेलेल्यांची गोष्ट आणखी अडचणीची. तिथलं सरकारी आरोग्य कवच, मेडिकेअर, पासष्टी उलटलेल्यांनाही साधारण पहिली पाच वर्षं मिळत नाही. पण एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. आईवडिलांना ग्रीन कार्डवर बोलावताना मुलाने सरकारला लेखी हमी दिलेली असते, की यांचा खर्च मी करीन. ती हमी कोर्टात लागू करता येते आणि ज्यांच्यासाठी दिली त्यांनाही ती लागू करायचा हक्क आहे. (नागरिक असलेल्या नवऱ्याने बायकोसाठी दिलेल्या हमीलाही हेच लागू.) म्हणजे आजी त्या घरात ‘मुलाच्या उपकारावर’ राहत नाही. कागदावर तिचा हक्क आहे, तो फक्त तिला कुणी वाचून दाखवलेला नाही.

चांगलं कामही दिसतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘इंडिया होम’ २००७ पासून आहे. ज्येष्ठांनी दिवसा यायचं, योगासनं, गप्पा, आपल्या चवीचं शाकाहारी जेवण. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा ‘उत्तररंग’ हा ज्येष्ठांचा उपक्रम आहे. वरवर करमणुकीचा वाटतो. पण आठवड्यातून एकदा घराबाहेरचं माणूस आजीचा चेहरा बघतं, यात निम्मी सुरक्षितता असते. रोज दिसणारी आजी दोन आठवडे दिसली नाही, तर कुणीतरी विचारतं.

आपल्या गावांत कोण विचारतं? दुमजली बंगला, दारात तुळस, आत दोघंच. मुलगा परदेशातून मोबाइलवर सीसीटीव्ही बघतो. ‘बाबा, औषध घेतलं ना, कॅमेऱ्यात दिसलं नाही.’ प्रेम आहेच त्यात. पण कॅमेऱ्याला हे दिसत नाही की जमीन बघणारा पुतण्या मुखत्यारपत्रावर सही मागतोय, आणि आजोबांना नाही म्हणायची भीती वाटतेय, कारण रात्री दवाखान्यात न्यायला तोच आहे.

यावर आपल्याकडे कायदा आहे, २००७ चा. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा, साधा कागद चालतो, वकिलाची गरज नाही, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. आणि हा कायदा भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, तसं त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय. म्हणजे ‘मुलगा दुबईला आहे, आता कुठे शोधायचा’ हे कारण पुरत नाही. शेत किंवा घर नातवाच्या, पुतण्याच्या नावावर करत असाल, तर ‘आम्हाला सांभाळशील या अटीवर’ हे बक्षीसपत्रात लिहून घ्या. ती अट मोडली तर व्यवहार रद्द करून मिळतो. अट लिहिलेली नसली की भांडण लांबतं.

कायद्याची मर्यादा मात्र बघा. २०२० च्या अखेरीस लातूर जिल्हा परिषदेने आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा तीस टक्के पगार कापून आईवडिलांच्या खात्यात टाकायचं ठरवलं. बातमी देशभर गाजली. मला निर्णय आवडला. पण तक्रार करायला आधी आईने यावं लागतं, आणि आई येत नाही. म्हणजे पुन्हा तिथेच. कुणीतरी तिसरं माणूस लागतं, जे विचारेल आणि सोबत चालेल.

मुलींच्या बाबतीतही इकडच्या बाजूला जे आहे ते कमी नाही. छळामुळे घर सोडून मुलगी माहेरी आली असेल, तर गुन्हा माहेरच्या गावीही दाखल होऊ शकतो, हे सुप्रीम कोर्टाने ९ एप्रिल २०१९ ला रूपाली देवी खटल्यात स्पष्ट केलं. ‘घटना तिकडची आहे, तिकडे जा’ असं पोलीस ठाण्यात ऐकावं लागलं तर ही तारीख लक्षात ठेवा. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली ती राहते त्या ठिकाणच्या कोर्टात अर्ज चालतो, तात्पुरती राहत असली तरी. तिकडे नवऱ्याने परस्पर घटस्फोट घेतला आणि तिने ते मान्यच केलेलं नसेल, तर तो इथे आपोआप ग्राह्य धरत नाहीत, हे १९९१ पासून ठरलेलं आहे. राष्ट्रीय महिला आयोगात अनिवासी भारतीयांच्या लग्नांसाठी २००९ पासून वेगळा कक्ष आहे. अशा लग्नांची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत आलं, २०२४ मध्ये विधी आयोगानेही सविस्तर कायदा करा म्हणून अहवाल दिला. कायदा अजून व्हायचाय. तोवर आपलं आपण बघायचं.

म्हणून ताई निघायच्या आधीच काही गोष्टी करून ठेवा. भांडण व्हायची वाट बघू नका. तिचा पासपोर्ट, व्हिसा, लग्नाचं प्रमाणपत्र यांचे फोटो तुमच्या मेलवर ठेवा, तिच्या फोनमध्ये नाही. तिचा पूर्ण पत्ता लिहून घ्या. आपल्याकडे निम्म्या घरांना ‘टेक्सासला असते’ एवढंच ठाऊक असतं, आणि टेक्सास महाराष्ट्राच्या दुप्पट मोठं आहे. तिच्या शहराच्या पोलिसांचा दहा आकडी नंबर शोधून ठेवा, कारण इकडून ९११ फिरवून तिकडचे पोलीस लागत नाहीत. तिच्या जवळ काम करणारी दक्षिण आशियाई संस्था कोणती ते बघा. तिकडची राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३, तिथे दुभाषी मिळतो. आणि दोघांत एक शब्द ठरवा. फोनवर ती ‘आजीच्या गोधडीचं काय झालं’ म्हणाली की समजायचं, मोकळं बोलता येत नाहीये, मदत हवीय. त्याच्या प्लॅनवरच्या फोनचे कॉल त्याला दिसतात, हे विसरू नका.

एक सावधगिरी, कारण इथे चांगली माणसंही चुकतात. तिला मूल असेल तर ‘त्याला घे आणि सरळ निघून ये’ असं तिकडच्या वकिलाशी बोलल्याशिवाय सांगू नका. तिकडचं कोर्ट याला मुलाचं अपहरण मानू शकतं. भारत त्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात नाही, त्यामुळे भांडण दोन देशांत अडकतं आणि त्यात तीच गुन्हेगार ठरण्याचा धोका असतो. उलटा प्रकारही होतो. ‘सुट्टीला जाऊ’ म्हणून नवरा तिला माहेरी आणून सोडतो आणि पासपोर्ट घेऊन एकटाच परत जातो. सुट्टीला आलेल्या ताईचा पासपोर्ट ताईच्याच पर्समध्ये आहे ना, एवढं सहज विचारा.

तुमच्यातले काही जण म्हणतील, आमच्या गावातून कोण जातंय अमेरिकेला? ठीक आहे. मग आपल्या तालुक्यात कोण येतंय ते बघू.

दिवाळीच्या सुमारास सोनई आणि भेंड्याच्या कारखान्यांसाठी ऊसतोड टोळ्या येतात. बीडकडून, पाथर्डीकडून. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल त्या जोडीवर मिळते, मुकादम ती नवऱ्याच्या हातात देतो. एकटी बाई म्हणजे ‘अर्धा कोयता’. आता एच-फोर व्हिसा आठवा. तिचं तिथे असणं नवऱ्याच्या कागदावर, हिचं इथे असणं नवऱ्याच्या उचलीवर. रात्री कोपीत मार खाल्लेली बाई सकाळी फडात जाते, कारण ती निघून गेली तर कोयता मोडतो आणि उचल फिटत नाही. तिचं माहेर दीडशे किलोमीटरवर, इथे ओळखीचं कुणी नाही, टोळीतले सगळे नवऱ्याच्या गावचे. आणि तिच्या गावी? म्हातारी सासू आणि दोन पोरं पाच-सहा महिने एकटी. छळ आणि म्हातारपण, दोन्ही एकाच उचलीला बांधलेले. न्यू जर्सीतल्या सहा बायकांनी बघितलं ते हेच होतं, तिथे बर्फ होता आणि इथे पाचट आहे, एवढाच फरक.

आपल्याकडेही सरकारी जागा आहेत. मुंबईत पोलिसांसोबत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष १९८४ मध्येच सुरू झाला, ‘मानवी’च्या एक वर्ष आधी. आज जिल्ह्याच्या ठिकाणी वन स्टॉप सेंटर असतं, त्याचं नावही योगायोगाने ‘सखी’च आहे. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो, तो अर्ज लिहायला मदत करतो, पैसे लागत नाहीत. नगरमध्ये स्नेहालयासारखी संस्था १९८९ पासून उभी आहे. पण नेवाशाहून नगर साठेक किलोमीटर. उसाच्या फडातली बाई तिथे एकटी एसटीने जाईल, असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा तिच्यासोबत मोळी उचलून बघावी.

कॉलेजात तुमचं एनएसएसचं शिबिर असतं. दरवर्षी खराटे, वृक्षारोपण, एक पथनाट्य, ग्रुप फोटो. यंदाच्या हंगामात त्यातले दोन दिवस कोप्यांवर घालवा. एकट्याने नाही, मॅडमना सोबत घेऊन, आणि मुलींनी मुलींशी बोलायचं. कुणाच्या भांडणात मध्ये पडायचं नाही, नवऱ्याला जाब विचारायला जायचं नाही, त्याचा राग तुम्ही गेल्यावर तिच्यावरच निघतो. ११२, महिलांसाठी १८१, ज्येष्ठांसाठी १४५६७, महिला आयोगाचा ७८२७१७०१७०, हे आकडे तोंडी सांगा, दोनदा म्हणवून घ्या. कागद देऊ नका, कागद नवऱ्याला सापडतो. बाई म्हणाली की यायचंय, तर संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत तिच्यासोबत चालत जा आणि आत तिचा नंबर लागेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहा.

मग संध्याकाळी घरी आलात की अमेरिकेतल्या ताईला फोन लावा. स्पीकरवर नको.